शिवडीची शेव्हरोले, कुर्ल्याची डॉज : जुनी अमेरिकन गाडी विकताना नेमके काय विकले जाते?

१/ "जुनी अमेरिकन गाडी विकणे आहे. कागदपत्रे आहेत, थोडे काम करावे लागेल." मुंबईच्या मोटार-बाजाराला अशा आशयाची जाहिरात नवी नाही. तिच्यामागे मात्र जकाती, परकीय चलन, तेलाचे भाव आणि मुंबईतील मिस्त्रींचे कसब यांचा जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे. विकणाऱ्याच्या हाती किती पडणार, हेही बऱ्याच अंशी तोच इतिहास ठरवतो. आजचा धागा त्याविषयी.

२/ प्रथम 'मसल कार' म्हणजे काय ते पाहू. १९६४ साली पॉन्टिअ‍ॅक कंपनीने मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे ६.४ लिटरचे व्ही-८ इंजिन बसवून 'जीटीओ' बाजारात आणली. तरुण ग्राहकाला परवडेल अशा किमतीत अफाट वेग, हे तिचे सूत्र. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्डची मस्टँग आली. पाठोपाठ डॉज चार्जर, शेव्हरोले कमारो, प्लिमथ रोड रनर आल्या. हा बहर जेमतेम दहा वर्षे टिकला.

३/ फोर्ड, शेव्हरोले, डॉज, प्लिमथ ही नावे मुंबईला त्याआधी कितीतरी वर्षे परिचित होती. या गाड्या मुंबईतच जोडल्या जात असत. मात्र ज्या दशकात अमेरिकेत मसल कार जन्मली, त्याच दशकात भारताचे दार परदेशी गाड्यांना जवळजवळ बंद होते. आपल्याकडे विक्रीस निघणारी जुनी अमेरिकन गाडी बहुधा त्याआधीच्या पिढीची असते, ती यामुळे.

४/ दार उघडे होते तो काळ असा. १९२६ साली फोर्डची भारतीय कंपनी स्थापन झाली आणि १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू केला. पूर्ण बनलेली गाडी जहाजातून आणली तर ती फार जागा अडवते. सुटे भाग पेट्यांत भरून आणले, तर त्याच जागेत कितीतरी अधिक गाड्या मावतात. बंदराला लागून असलेली शिवडी या कामासाठी सोयीची होती.

५/ येथे एक प्रश्न पडतो. अमेरिकेत चालक डाव्या बाजूस बसतो, मग मुंबईच्या 'अमेरिकन' गाड्यांचे स्टिअरिंग उजवीकडे कसे? उत्तर कॅनडात आहे. ब्रिटिश साम्राज्यातील देशांना एकमेकांच्या मालावर जकातीत सवलत मिळत असे. फोर्डची भारतीय कंपनी ही म्हणूनच फोर्डच्या कॅनडातील कंपनीची शाखा होती. मुंबईतील अनेक 'अमेरिकन' गाड्यांचा जन्मदाखला शोधत गेल्यास तो कॅनडात सापडतो.

६/ तिसरा धागा सोलापूरचा. १८८२ साली तेथे जन्मलेले वालचंद हिराचंद यांना आगबोट, विमान आणि मोटार ही तिन्ही वाहने भारतात तयार व्हावीत असा ध्यास होता. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार झाला आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

७/ कुर्ल्यात जोडलेल्या गाड्यांची नावे भारदस्त होती : डॉज किंग्जवे, डिसोटो डिप्लोमॅट, प्लिमथ सॅव्हॉय. वास्तविक या तिन्ही सख्ख्या बहिणी. सांगाडा तोच, सहा सिलिंडरचे इंजिनही त्याच जातीचे. फरक जाळीत, चिन्हात आणि थोड्याफार सजावटीत. आजच्या विक्रेत्याला याचा मोठा आधार वाटतो, कारण डॉजचा सुटा भाग मिळाला नाही तर प्लिमथचा चालून जातो.

८/ मग धोरण बदलले. १९४९ साली पूर्ण बनलेल्या गाड्यांच्या आयातीवर बंदी आली. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर सरकारने कंपन्यांपुढे सरळ पर्याय ठेवला : भारतात टप्प्याटप्प्याने उत्पादन करा, नुसती जोडणी करायची असेल तर काम बंद करा. बाजार लहान होता, म्हणून फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. शिवडीतील जोडणी १९५४ साली थांबली. प्रीमियरने इटलीच्या फियाटशी केलेला करार धरून ठेवला आणि मुंबईचा रस्ता हळूहळू लहान गाडीचा झाला.

९/ पुढे १९५७ साली परकीय चलनाचा तुटवडा निर्माण झाला आणि ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला. मस्टँगची अमेरिकेतील सुरुवातीची किंमत २,३६८ डॉलर होती. ती जुन्या दराने सुमारे ११,२७० रुपये, तर नव्या दराने १७,७६० रुपये होते. यात जहाजभाडे नाही आणि जकातही नाही. आयात परवाना तर सामान्य माणसाच्या आवाक्यापलीकडचाच होता.

१०/ तरीही काही गाड्या येत राहिल्या, त्या मुख्यतः परदेशी वकिलातींमार्फत. राजनैतिक अधिकारी आपली गाडी जकात न भरता आणू शकत. बदली झाल्यावर ती खुल्या बाजारात विकण्याची मुभा मात्र नव्हती. अशा गाड्या १९५६ साली स्थापन झालेल्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडे जात आणि तेथून विकल्या जात. अमेरिकेत कारकुनालाही परवडणारी गाडी येथे निर्माते, नट, उद्योजक आणि व्यापारी चढाओढीने घेत. १९५८ साली अमेरिकेत अवतरलेली शेव्हरोले इंपाला हिंदी चित्रपटांत श्रीमंतीचे चिन्ह झाली, ती या टंचाईमुळेच.

११/ ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाचा पुरवठा रोखला. पिंपामागे सुमारे ३ डॉलर असलेला भाव काही महिन्यांत १२ डॉलरच्या जवळ पोहोचला. दिल्लीत अटलबिहारी वाजपेयी त्या नोव्हेंबरात बैलगाडीतून संसदेत गेले. अमेरिकेत मसल कारचा काळ संपला. मुंबईत मोठी अमेरिकन गाडी दारात बांधलेला पांढरा हत्ती ठरली : विकावी तर गिऱ्हाईक नाही, ठेवावी तर पेट्रोल परवडत नाही.

१२/ अशा वेळी गाडी भंगारात जाणे स्वाभाविक होते आणि पुष्कळ गेल्याही. ज्या वाचल्या त्यांतील बऱ्याचशा मिस्त्रींनी वाचवल्या. मद्रासच्या सिम्पसन कंपनीत पर्किन्सची डिझेल इंजिने परवान्याने तयार होत. मुळात ती ट्रक आणि ट्रॅक्टरची. मिस्त्री मूळ पेट्रोल इंजिन उतरवून त्या जागी डिझेल इंजिन बसवत. आवाज वाढे, वेग घटे, पण डिझेल स्वस्त असल्याने गाडी चालत राही.

१३/ इंजिनावरच हे थांबले नाही. मूळ गिअरबॉक्स गेला की दुसऱ्या गाडीचा बसवला जाई. काच मिळेना तर कापून घेतली जाई. वाकलेला किंवा सडलेला भाग कारागीर सपाट पत्र्यावर हातोडीने ठोकून नव्याने घडवत. चोरबाजारातील मटण स्ट्रीट आणि कुर्ल्याचे भंगारबाजार हे या गाड्यांचे दवाखाने होते. चाळीस-पन्नास वर्षांत एका गाडीचे किती भाग बदलले, याची नोंद कोठेच नाही.

१४/ आता ही गाडी विकायला काढली आहे असे समजू. जाणकार ग्राहक पहिल्यांदा खिशातून लोहचुंबक काढतो. जेथे पत्रा आहे तेथे ते चिकटते. जेथे गंजाचे भोक पुट्टीने बुजवून वर रंग दिला आहे, तेथून ते घसरते. गाडी समुद्रकाठी उभी असेल तर ही परीक्षा अधिकच कठोर होते. गोराईसारख्या गावात, खाऱ्या वाऱ्यात आणि प्रत्येक पावसाळ्यात उभी राहिलेली गाडी वरून तुकतुकीत दिसली, तरी दरवाजांची खालची कड आणि पायाखालचा पत्रा आतून खाल्लेला असू शकतो.

१५/ गोराईचे उदाहरण आणखी एका कारणाने बोलके आहे. बोरिवलीसमोर, खाडीच्या पलीकडे असलेले हे गाव मुंबई महापालिकेच्याच हद्दीत येते. पण माणसे बोटीने पाच-दहा मिनिटांत पार होतात, तर मोटारीला भाईंदर-उत्तनचा मोठा वळसा घालावा लागतो. बंद पडलेली दीड टनी गाडी तेथून गॅरेजपर्यंत नेणे हाही खर्चच. 'थोडे काम' या दोन शब्दांत काय काय दडलेले असते, ते यावरून कळेल.

१६/ लोहचुंबकानंतर येते क्रमांकांची तपासणी. अमेरिकेत मसल कारचे मोल मुख्यतः एका गोष्टीवर ठरते : सांगाड्याचा क्रमांक आणि इंजिनावर ठोकलेला क्रमांक जुळतो का? जुळत असेल तर कारखान्यातून निघाली तीच ही गाडी असे मानतात आणि किंमत चढते. या मोजपट्टीवर मुंबईची डिझेल-डॉज पहिल्याच फेरीत नापास होते.

१७/ भारतीय कायदाही आता त्याच दिशेने गेला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी 'व्हिंटेज' ठरते. नव्या नोंदणीसाठी शुल्क २०,००० रुपये, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी विकता येते, पण रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही.

१८/ बाहेरून गाडी आणण्याचा मार्गही अरुंदच राहिला. वापरलेल्या गाड्यांच्या आयातीवर कडक बंधने होती आणि जुन्या गाड्यांना असलेली सवलत दीर्घकाळ १ जानेवारी १९५० पूर्वी बनलेल्या गाड्यांपुरतीच होती. १९६४ ते १९७३ या काळातली मसल कार त्या रेषेच्या पलीकडे पडली. त्यामुळे भारतात पूर्वीच आलेल्या मोजक्या गाड्यांचे भाव वाढले, आणि कागदपत्रे स्वच्छ असतील तर आणखीच वाढले.

१९/ खरा पेच येथे आहे. गाडी मूळ स्वरूपात असावी, हा आग्रह समजण्यासारखा आहे. ऐतिहासिक वस्तूची ओळख मूळपणाशी जोडलेली असतेच. परंतु डिझेल इंजिन नसते, ठोकून घडवलेला पत्रा नसता, तर ती गाडी आज उभीच नसती. ज्या हातांनी तिला वाचवले, त्यांच्याच खुणा आज तिची किंमत कमी करतात. काही मालक विकण्यापूर्वी त्या खुणा पुसून परदेशातून 'योग्य' इंजिन मागवतात. गाडी अस्सल दिसू लागते, आणि मुंबईतील तिच्या पन्नास वर्षांचा पुरावा भंगारात जातो.

२०/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. जुन्या मंदिराचा जीर्णोद्धार करताना मधल्या शतकांतील भर काढून टाकावी की ठेवावी, हा वाद याच जातीचा. उत्तर प्रत्येक वेळी एकच असेल असे नाही. पण एक काम नक्की करता येते : काही उतरवण्यापूर्वी त्याची नोंद ठेवणे. जुने नोंदणी-पुस्तक, गॅरेजच्या पावत्या, बदललेल्या इंजिनाचा क्रमांक, कामाआधीची छायाचित्रे, आणि शक्य असल्यास मिस्त्रीचे नाव.

२१/ प्रामाणिक विक्रेत्यालाही हे हिताचे आहे. काय मूळ आहे, काय बदलले, केव्हा आणि का बदलले, हे सांगणारी फाईल गाडीसोबत दिली की व्यवहारात संशय उरत नाही. अभ्यासकाला त्या फाईलमध्ये जकातीचा, टंचाईचा, तेलसंकटाचा आणि कारागिरीचा इतिहास एका जागी मिळतो. शिवडी आणि कुर्ल्यातील जोडणीचा तो काळ संपला आहे. तेथून निघालेल्या गाड्यांचे कागद अजून कोणाच्या तरी कपाटात असतील. गाडी विकली जाईल, नवा मालक तिला नवा रंग देईल. ते कागद रद्दीत जाऊ नयेत.

(धागा समाप्त)