शून्याने संपणारी अक्षरमाला (तळटीप)

* डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये घडवलेल्या सी भाषेत मजकुराची लांबी कुठेच नोंदवलेली नसते. मजकूर संपतो तिथे शून्य किमतीचा एक बाइट ठेवतात. लांबी एका बाइटात मावेल एवढीच असावी हे बंधन टाळणे, हा त्यामागचा एक हेतू. त्यामुळे लांबी हवी असली की दर वेळी पहिल्या बाइटपासून मोजत जावे लागते. पण तो नुसता वेळेचा प्रश्न झाला. खरा धोका असा, की अ‍ॅरे फंक्शनकडे सोपवला की त्याच्या हाती फक्त सुरुवातीचा पत्ता पडतो. पुढे जागा किती, हे त्याला कळत नाही. प्रमाण लायब्ररीतले ‘गेट्स’ हे फंक्शन तर ओळ संपेपर्यंत येईल ते लिहीत सुटे. नोव्हेंबर १९८८मध्ये मॉरिस वर्म या स्वतःहून जाळ्यावर पसरणाऱ्या प्रोग्रॅमने नेमके हेच हेरले. वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या ‘फिंगर’ सेवेच्या प्रोग्रॅमने ‘गेट्स’साठी ५१२ बाइटांची जागा राखली होती. वर्मने ५३६ पाठवले आणि जादा बाइटांनी स्टॅकवरचा परतीचा पत्ताच बदलला. लेखकाने इथे ‘निष्काळजी प्रोग्रॅमर’ला दोष दिला आहे, तो मला मुळीच मान्य नाही. ज्या फंक्शनला मर्यादा सांगण्याची सोयच नाही, ते कितीही जपून वापरले तरी काय उपयोग? एवढे होऊनही ‘गेट्स’ प्रमाणातून काढायला २०११ साल उजाडले. — संपादक