दगड, माळवद आणि फलक : मराठवाड्याच्या घराची गोष्ट

१/ बालाघाटच्या डोंगररांगेतील मांजरसुंबा हे धुळे–सोलापूर महामार्गावरील वाटसरूंच्या ओळखीचे गाव. मन्मथस्वामींचे कपिलधार येथून जवळच. येथूनच केज-अंबाजोगाईमार्गे लातूरची वाट फुटते. घर जड दगडाचे असावे की कारखान्यात घडलेल्या हलक्या, उष्णतारोधक फलकांचे, हा प्रश्न आज नवा वाटतो. त्या वाटेवरच्या प्रदेशाने मात्र तो ३० वर्षांपूर्वीच प्राणांचे मोल देऊन सोडवायला घेतला होता.

२/ मराठवाड्याचे जुने घर 'खणां'त मोजले जाई. लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाला आणि शेवटी पांढऱ्या मातीचा जाड थर : हे माळवद. भोवती काळ्या दगडाच्या, चिखलात रचलेल्या दोन-अडीच फूट रुंद भिंती. दगड शिवारातला, माती गावची आणि गवंडीही गावचाच.

३/ या भिंतीचा दोष बाहेरून दिसत नसे. तिचे आतील व बाहेरील असे दोन स्वतंत्र पदर असत आणि मधल्या पोकळीत दगडांचे तुकडे व चिखल भरलेला असे. दोन्ही पदरांना आरपार जोडणारे लांब दगड अनेकदा घातलेच जात नसत. शिवाय गळती थांबवण्यासाठी माळवदावर वेळोवेळी नवी माती चढे. पिढ्या सरत आणि छत जड होत जाई.

४/ ३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर होती. जगात याहून मोठे धक्के कमी प्राणहानीत निभावले आहेत. येथे मात्र लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे आपल्याच घरांखाली गाडली गेली.

५/ कारण साध्या हिशेबात आहे. भूकंपाचा आडवा जोर इमारतीच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. दीड फूट जाडीचे मातीचे छत दर चौरस मीटरला सुमारे ७०० किलो भरते. दोन फुटी दगडी भिंत त्याच्या जवळजवळ दुप्पट. पोलादी पत्र्यांमध्ये फोम भरलेला ५० मिलिमीटरचा फलक अवघा १० किलोच्या आसपास असतो. अनेक घरांत भिंती ढासळल्या, तरी खणाची लाकडी चौकट उभी राहिली, हेही तेव्हा दिसले.

६/ त्यानंतर लोकांच्या मनात दगडाचीच धास्ती बसली. जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसली. आखीव रस्ते आणि सिमेंट-काँक्रीटची घरे आली. मात्र जनावरांचा गोठा, धान्य व चूल यांना त्या आराखड्यात पुरेशी जागा नव्हती. घरांपुढे पत्र्याची शेड उभी राहू लागली.

७/ दुसरा मार्ग कमी गाजला. जी गावे हलवली नाहीत, तेथे जुनी घरे मजबूत करण्याचे काम झाले : भिंतीचे पदर जोडणे, काँक्रीटचा पट्टा फिरवणे, माळवदावरची माती कमी करणे. अशा कमकुवत दगड-विटांच्या बांधकामासाठी भारतीय मानक १३८२८ हेही १९९३ सालचेच.

८/ फलकांचे स्वप्नही जुने आहे. फाळणीनंतर निर्वासितांना झपाट्याने घरे मिळावीत म्हणून ऑटो कोनिग्सबर्गर यांच्या पुढाकाराने दिल्लीत सरकारी गृहकारखाना निघाला. त्याचे हलक्या काँक्रीटचे फलक तडकू लागले आणि योजना फसली. पुढे २०२१ मध्ये इंदूर येथे सँडविच फलकांच्या १,०२४ घरांच्या प्रकल्पाची पायाभरणी झाली.

९/ उन्हाचे गणित वेगळे आहे. ५० मिलिमीटर थर्मोकोल दोन फुटी दगडी भिंतीपेक्षा उष्णतेला काही पटींनी अधिक अडवतो. पण दगड-माती दिवसाचे ऊन पोटात साठवून ते फार उशिरा आत सोडते. म्हणूनच वैशाखातही माळवदाखाली दुपार सुसह्य असे. फलकात ही साठवण नसते. त्याचे काही फोम आग पकडतात आणि सांधा उसवला तर गावच्या गवंड्याला तो दुरुस्त करता येत नाही.

१०/ म्हणून किल्लारीचा धडा 'दगड वाईट' एवढाच घेतला, तर तो अर्धवट ठरतो. दगडी घराला सांधणारे दगड आणि हलके छत हवे होते. फलकाच्या घराला सावली, वारा आणि जवळचा कारागीर हवा. मराठवाड्यात आजही माळवदाची घरे आहेत आणि त्यांत माणसे राहतात. त्या छतांवरची माती उतरवणे आणि भिंतींचे पदर जोडणे, हे काम अजून संपलेले नाही.