वंशपटात न सापडलेली नावे

दरवर्षी १७ डिसेंबर रोजी मिस्सामध्ये मत्तयलिखित शुभवर्तमानातील प्रभू येशूची वंशावळ वाचली जाते. ती लांबलचक नामावली ऐकताना भाविकांची चुळबुळ सुरू होते; खरे सांगायचे तर, वेदीवरचे आम्हीही एखाद्या नावाशी अडखळतो. परंतु प्राचीन इस्राएली माणसाला ही नावे रुक्ष वाटत नसत. जमिनीचा वाटा, वारसा, याजकपद हे सारे वंशावर ठरत असे. जुन्या करारातील पहिल्या इतिहासग्रंथाची आरंभीची नऊ प्रकरणे वंशावळींनी व्यापली आहेत, ती याचमुळे.

या नोंदींचे मोल बाबिलोनच्या बंदिवासानंतर विशेष जाणवले. इ. स. पू. ५८७ च्या सुमारास यरुशलेम पडले, मंदिर भस्मसात झाले. इ. स. पू. ५३८ मध्ये पारसाचा राजा कोरेश याने यहुद्यांना परतण्याची मुभा दिली. परतलेल्यांची घराणेवार यादी एज्राच्या ग्रंथात आहे. एकूण संख्या ४२,३६०. त्याच यादीत एक व्यथा दडली आहे. तीन घराण्यांतील ६५२ जणांना आपण इस्राएलचे आहोत हे सिद्ध करता आले नाही. हबया, हक्कोस व बर्जिल्लय या याजक घराण्यांनी वंशपट धुंडाळले. नावे सापडली नाहीत. बर्जिल्लयाच्या पूर्वजाने तर पत्नीच्या माहेरचे नाव लावले होते! त्यांना अशुद्ध ठरवून याजकपदावरून दूर करण्यात आले. उरीम व थुम्मीम धारण करणारा याजक उभा राहीपर्यंत परमपवित्र अन्नाला शिवू नये, असे प्रांताधिपतीने बजावले.

निवाडा कठोर होता, पण दार कायमचे बंद झाले नव्हते. पुढे नहेम्याच्या काळी यरुशलेमचा तट बांधणाऱ्यांत हक्कोसाच्या वंशातील मरेमोथ दिसतो. मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात यहूदाने रोमला पाठविलेला वकील युपोलेमस हाही अक्कोसच्या, म्हणजे बहुधा याच घराण्यातला.

मत्तयाची वंशावळ या पार्श्वभूमीवर वाचावी. अनुवादाच्या ग्रंथात मवाब्यांना दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत मज्जाव आहे; मत्तय मात्र दाविदाची पणजी, मवाबी रूथ, हिचे नाव आवर्जून घेतो. तामार, राहाब व उरीयाची पत्नी यांनाही तो वगळत नाही. योराम व उज्जीया यांच्यामधील तीन राजे मात्र तो गाळतो आणि चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट साधतो. इब्री अक्षरांच्या मूल्यांनुसार ‘दावीद’ या नावाची बेरीजही चौदाच होते.

आमच्याकडेही कुणी जुन्या स्नानसंस्कार-नोंदवहीत पणजोबांचे नाव शोधायला येतो. कधी नेमके तेच पान वाळवीने खाल्लेले निघते आणि त्याचा चेहरा उतरतो. अशा वेळी आम्हांला मत्तयाची ती शेवटची कडी आठवते. सारी वंशावळ योसेफापाशी येऊन पोहोचते आणि योसेफ तर बाळाचा जन्मदाता नव्हे. त्याने मरियेला घरी आणले, बाळाचे नाव ‘येशू’ ठेवले आणि तेवढ्याने ते बाळ दाविदाच्या घराण्यातले झाले.