किमान वेतनवाढ : इतरांची मजुरी आणि किमती

किमान वेतनवाढ म्हणजे मजुरीचा कायद्याने ठरवलेला सर्वांत खालचा दर वाढवणे. या वाढीचा परिणाम त्या दरावर राबणाऱ्यांपुरता राहत नाही. लगेच वरच्या पायरीवरील कामगारांची मजुरी, मालाच्या किमती, मालकाचा नफा आणि उपलब्ध कामांची संख्या यांवरही तो कमीअधिक प्रमाणात होतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः पहिल्या दोहोंचा विचार केला आहे. ‘खालच्यांचा पगार वाढवला की सगळ्यांचाच वाढवावा लागेल आणि महागाई होईल’ हे वाक्य चर्चेत एका दमात उच्चारले जाते. वास्तविक ती दोन वेगळी विधाने आहेत. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतील अभ्यास पाहता पहिले अर्धेमुर्धे खरे ठरते. दुसऱ्यात तथ्य आहे, पण ज्या सुरात ते मांडले जाते त्या मानाने फार थोडे.

वरच्यांच्या पगारावर परिणाम होतो तो मुख्यतः अंतरामुळे. समजा, कारखान्यातील नवख्या हेल्परचा आणि काही वर्षे यंत्रावर काढलेल्या ऑपरेटरचा रोज यांत पन्नास रुपयांचा फरक आहे. किमान दर चाळीस रुपयांनी वाढला आणि हेल्परला तेवढी वाढ मिळाली, तर ऑपरेटरला काही देण्याचे कायदेशीर बंधन मालकावर नसते. मात्र त्याच्या अनुभवाची किंमत आता दहाच रुपये उरते. तो नाराज होतो, दुसरीकडे काम शोधू लागतो. यंत्राची जबाबदारी घ्यायला नवे कोणी पुढे येत नाही. म्हणून मालक त्यालाही काही वाढवून देतो, बहुधा पूर्ण चाळीस नाही. त्याच्या वरच्या सुपरवायझरपर्यंत ही वाढ आणखी कमी होत जाते आणि एका मर्यादेनंतर थांबते. परिणामी सगळ्यांचे पगार सारख्या प्रमाणात वाढत नाहीत, तर तळाकडील अंतरे आक्रसतात. अनुभवी कामगाराची ‘मग माझ्या नोकरीच्या वर्षांना अर्थ काय’ ही तक्रार येथूनच निघते. ती रास्त आहे. पण तिचे उत्तर खालच्याची वाढ रोखणे हे नव्हे.

अमेरिकेत या परिणामाची मोजणी सर्वाधिक झाली आहे. डोरुक चेंगिझ, अरिंद्रजित दुबे, आटिला लिंडनर आणि बेन झिपरर यांनी १९७९ ते २०१६ या काळात तेथील राज्यांनी केलेल्या १३८ वाढी तपासल्या (२०१९). नव्या किमान दराच्या वर ताशी सुमारे तीन डॉलरपर्यंत वाढीचा प्रभाव दिसला आणि मजुरीतील एकूण वाढीपैकी सुमारे ४० टक्के वाटा या आनुषंगिक वाढीचा निघाला. ही जादा वाढ जुन्या, कामावर असलेल्या कामगारांना मिळाली. नव्याने लागलेल्यांना जवळजवळ नाही. अंतर राखण्यासाठीच ती दिली जाते, या कल्पनेशी हे जुळते. डेव्हिड ऑटर, ॲलन मॅनिंग आणि क्रिस्टोफर स्मिथ यांनी मात्र २०१६ मध्ये शंका उपस्थित केली होती की, पाहणीत लोक आपली मजुरी अंदाजाने सांगतात आणि त्या चुकांमुळेही असा वरचा परिणाम भासू शकतो. ही शंका सोडून देण्याजोगी नाही.

ब्राझीलमध्ये हा परिणाम कायद्याच्या कक्षेबाहेरही पोचलेला दिसतो. तेथे नोंदणी नसलेल्या, कायद्याचे संरक्षण नसलेल्या कामगारांची मजुरीही किमान वेतनाकडे पाहून ठरते. मालक आणि मजूर दोघेही ‘रास्त दर’ म्हणून तोच आकडा धरतात. तेथील अर्थतज्ज्ञ याला दीपगृहाचा परिणाम म्हणतात. पूर्वी भाडी, करार, पगार असे बरेच काही किमान वेतनाच्या पटीत मोजण्याची प्रथा त्या देशात होती. १९८८ च्या राज्यघटनेने अशा सांगडीस मनाई केली, पण निवृत्तिवेतनाची किमान पातळी या वेतनाशीच बांधलेली राहिली. त्यामुळे तेथे प्रत्येक वाढीचा प्रश्न मालकाच्या हिशेबाइतकाच सरकारी तिजोरीचाही असतो.

भारतात यंत्रणाच वेगळी आहे. १९४८ च्या किमान वेतन अधिनियमाखाली अनुसूचित उद्योगांसाठी दर ठरत आले, आणि ते एकच नसून कुशल, अर्धकुशल व अकुशल अशा वर्गांचे वेगवेगळे असतात. महाराष्ट्रात त्यांना परिमंडळांची आणि ग्राहक किंमत निर्देशांकानुसार बदलणाऱ्या विशेष भत्त्याची जोड आहे. म्हणजे वरच्या पायऱ्यांची वाढ येथे पुष्कळदा अधिसूचनेतच लिहिलेली असते. ती मालकाच्या मर्जीवर सोपवलेली नसते. कंत्राटी सफाई कामगार आणि पहारेकरी यांच्या निविदांत हे दर गृहीत धरलेले असल्याने वाढ थेट बिलात उतरते. कागदावरचा दर हातात पडतो का, हा प्रश्न त्याहून मोठा. जेथे मजुराची सही एका आकड्यावर आणि रोख दुसऱ्याच आकड्याची, तेथे वाढीचा परिणाम वर पोचण्याआधी तळाशीच अडतो.

किमतींवरील परिणामाचा हिशेब सोपा आहे, तरी तो क्वचितच मांडला जातो. एखाद्या उपाहारगृहाच्या खर्चात मजुरी ३० टक्के आहे आणि त्यातील निम्मी रक्कम किमान दरावरच्या कामगारांना जाते असे मानू. किमान वेतन १० टक्के वाढले तर एकूण खर्च दीड टक्का वाढतो. सगळा भार गिऱ्हाइकावर टाकला तरी शंभर रुपयांची थाळी एकशे एक रुपये पन्नास पैशांना जाईल. बहुतेक उद्योगांत किमान दरावरच्या मजुरीचा वाटा याहून कमी असतो. डॅनियल एरन्सन यांच्या अभ्यासात अमेरिकेतील उपाहारगृहांच्या किमती १० टक्के वेतनवाढीमागे सुमारे ०.७ टक्के वाढल्या. वाढ बहुतांशी एकदाच होते. दरवर्षी आपोआप फुगत जाणारी महागाई आणि किमतीच्या पातळीतील अशी एक उडी यांत गल्लत करू नये.

न्यू जर्सी राज्याने १ एप्रिल १९९२ रोजी ताशी किमान दर ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केला. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात तो तसाच राहिला. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी दोन्ही बाजूंच्या ४१० फास्टफूड उपाहारगृहांची वाढीपूर्वी आणि नंतर पाहणी केली. रोजगार घटल्याचे त्यांना आढळले नाही. या निष्कर्षावर मोठा वाद झाला, डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॅशर यांनी वेगळ्या आकडेवारीने तो खोडण्याचा प्रयत्न केला, आणि कार्ड यांना २०२१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते श्रमविषयक अशा संशोधनासाठी. रोजगाराच्या वादात किमतींचा निष्कर्ष झाकोळला गेला: न्यू जर्सीतील जेवणाचे दर पेनसिल्व्हेनियाच्या तुलनेत सुमारे ४ टक्के अधिक वाढले. मात्र न्यू जर्सीच्या आत पाहता, ज्यांना मजुरी अधिक वाढवावी लागली त्यांनीच दर अधिक वाढवले असे दिसले नाही. जवळच्या दुकानाकडे पाहूनही दर ठरतात, हे यामागचे एक कारण असावे.

भार कोणी उचलला याचे सर्वांत स्वच्छ उत्तर हंगेरीतून येते. तेथे मासिक किमान वेतन २००१ च्या आरंभी २५,५०० फोरिंटवरून ४०,००० आणि पुढच्या वर्षी ५०,००० करण्यात आले. एवढी मोठी वाढ क्वचितच कोणी केली असेल. पीटर हारास्तोशी आणि आटिला लिंडनर यांच्या हिशेबाने वाढीच्या खर्चापैकी सुमारे ७५ टक्के ग्राहकांनी चढ्या किमतींतून, तर २५ टक्के मालकांनी घटलेल्या नफ्यातून भरला. रोजगारातील घट एकूण थोडी होती. परदेशी मालाशी स्पर्धा करणाऱ्या उद्योगांत ती अधिक होती, कारण त्यांना किंमत वाढवता येत नव्हती.

ग्राहकांत स्वतः कामगारही असतो, म्हणून त्याचा खरा लाभ किमतीतील वाढ वजा करूनच मोजावा लागतो. ऑर्ली ॲशनफेल्टर आणि श्तेपान युरायदा यांनी मॅकडोनाल्ड्सच्या उपाहारगृहांबाबत ही वजाबाकी केली. तासाभराच्या मजुरीत किती बिग मॅक येतात या मापाने पाहिले, तर खरी वाढ कागदावरील वाढीपेक्षा एक-पंचमांशाने कमी भरली. चार-पंचमांश कामगाराकडे उरले. याच अभ्यासात, आधीपासून किमान दरापेक्षा जास्त देणाऱ्या काही शाखांनीही आपले अंतर राखण्यासाठी मजुरी वाढवल्याचे दिसले. याउलट थॉमस मकर्डी यांनी अमेरिकेतील १९९६ च्या वाढीबाबत दाखवले, की चढ्या किमतींचा बोजा गरीब कुटुंबांवर त्यांच्या उत्पन्नाच्या मानाने जड पडतो आणि किमान वेतनावरचे सगळेच कामगार गरीब घरांतले नसतात. वाढीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा मुद्दा टाळू नये.

परदेशी मालाशी स्पर्धा करणाऱ्या हंगेरीतील उद्योगांसारखीच अवस्था महाराष्ट्रातील कापूस वा सोयाबीन पिकवणाऱ्या शेतकऱ्याची आहे. बाजार समितीत भाव तो ठरवत नाही. मजुरी वाढली म्हणून क्विंटलमागे चार पैसे जास्त मागण्याची सोय त्याला नाही. मग तो खुरपणीऐवजी तणनाशक मारतो, रोजंदारी सोडून काम उक्ते देतो किंवा घरच्या माणसांवर भागवतो. खुरपणी हे मुख्यतः बायकांचे काम असल्याने रोजगाराची घट आधी त्यांच्या वाट्याला येते. शेतमजुराला रास्त रोज आणि शेतकऱ्याला रास्त भाव हे दोन प्रश्न वेगळे काढून सोडवता येणार नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा अनुभव येथे नोंदवणे अगत्याचे आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप मिळालेली ही योजना शेतमजुरीच्या किमान दराशी जोडलेली होती. १९८८ मध्ये तो दर दुप्पट झाला आणि योजनेची मजुरीही वाढली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांच्या विश्लेषणानुसार (१९९३) त्यानंतर योजनेतील कामांचे दिवस एकदम घटले. खर्च आवाक्यात ठेवण्यासाठी मागणी असूनही पुरेशी कामे सुरू झाली नाहीत. दोष दर वाढवण्याचा नव्हता. वाढलेल्या दराइतकी तरतूद न करता हमी कागदावर कायम ठेवण्याचा होता.

मागेल त्याला काम प्रत्यक्षात मिळते तेव्हा चित्र पालटते. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीबाबत क्लेमां आंबेर आणि जॉन पॅप यांना आढळले, की योजना आधी सुरू झालेल्या जिल्ह्यांत, शेतीची कामे नसलेल्या महिन्यांत खासगी मजुरीही सुमारे पाच टक्क्यांनी चढली. सरकारी कामावर न गेलेल्या मजुरालाही ही वाढ मिळाली, कारण आता तो पडेल त्या दराला नकार देऊ शकत होता. कायद्याच्या नुसत्या दरापेक्षा हा मार्ग असंघटित मजुराच्या अधिक उपयोगी पडलेला दिसतो.

२०१९ च्या वेतन संहितेने अनुसूचित उद्योगांची मर्यादा काढून किमान वेतनाचा हक्क सर्व कामगारांना दिला आणि केंद्राने ठरवलेल्या तळ-वेतनाखाली कोणत्याही राज्याने दर ठेवू नये असे बंधन घातले. पूर्वी हे राष्ट्रीय तळ-वेतन राज्यांना बंधनकारक नव्हते. २०१७ पासून ते दिवसाला १७६ रुपये होते. ज्या राज्यांचे दर त्याहून बरेच वर आहेत, तेथे एवढ्या तळ-वेतनाने ना मजुरी हलते, ना किमती.