प्रसूती रजा संपल्यानंतर : पाळणाघराची तरतूद

प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ मध्ये २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठीची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. यांपैकी आठ आठवड्यांपर्यंतची रजा प्रसूतीपूर्वी घेता येते. ती तशी घेतल्यास आई कामावर रुजू होते तेव्हा मूल जेमतेम चार महिन्यांचे असते. घरी आजी-आजोबा नसतील, तर खरी ओढाताण येथूनच सुरू होते.

त्यामुळे याच दुरुस्तीतील पाळणाघराची तरतूद रजेइतकीच महत्त्वाची ठरते. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला ही सोय करणे बंधनकारक झाले. आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटता येते. विश्रांतीची वेळही (काहीशा कंजूषपणे) त्यातच धरलेली आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ही तरतूद कायम आहे.

वडिलांसाठी या अधिनियमात रजा नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना सेवानियमांनुसार १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. पन्नासपेक्षा कमी कर्मचारी असलेली दुकाने, कार्यालये आणि लहान कारखाने मात्र पाळणाघराच्या सक्तीबाहेरच राहतात.