बोगमाळोची विमानं आणि बारकाव्यांचे फोटो

वास्कोहून बोगमाळोच्या किनाऱ्याकडे जाताना, दाबोळी विमानतळाच्या शेजारीच, नौदलाचं विमान संग्रहालय आहे. ऑक्टोबर १९९८ मध्ये ते सुरू झालं. सी हॉक, अलीझे, सी हॅरियर, फायरफ्लाय, व्हॅम्पायर, सीलँड अशी नौदलाची जुनी विमानं तिथे उघड्या आवारात उभी आहेत. सुट्टीवर आलेली कुटुंबं भल्यामोठ्या सुपर कॉन्स्टेलेशनपुढे फोटो काढून घेतात आणि समुद्रावर जातात. मी मात्र तिथे गेले की गुडघे टेकून चाकांच्या खोबणीत डोकावते. तंत्रनिकेतनात मी यंत्ररेखन शिकवलं आणि नोकरीत असल्यापासून भारतीय नौदलाच्या विमानांची मॉडेलं करत आले. मॉडेलसाठी जे फोटो लागतात त्यांना आम्ही 'वॉकअराउंड' म्हणतो. देवळाला प्रदक्षिणा घालावी तसं नाकापासून निघायचं आणि एकही भाग न सोडता पुन्हा नाकाशी यायचं.

ही रीत एकदम जन्माला आली नाही. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये 'स्कायबर्ड्स'ची लाकडी किट्स निघाली. त्यांत सहा फुटांना एक इंच असं माप धरलं होतं. आज जगभर चालणारा १:७२ चा स्केल तो हाच. मग युद्ध आलं. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळाशाळांतल्या मुलांकडून पाच लाख मॉडेलं करून मागितली. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं, हे सैनिकांना नुसत्या आकारावरून ओळखता यावं, एवढाच त्यामागचा हेतू होता. त्या कामाला बाहेरची आकृती पुरत होती.

युद्धानंतर प्लास्टिकची किट्स आली. एअरफिक्सचं स्पिटफायर १९५३ चं. १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये प्लास्टिक मॉडेलकारांची आयपीएमएस ही संघटना उभी राहिली. साच्यातून रिव्हेटसुद्धा उमटू लागले, तसे लोकांचे प्रश्न बदलले. चाकाच्या दाराला आतून कोणता रंग? ब्रेकची नळी पायाच्या पुढून जाते की मागून? याची उत्तरं युद्धाच्या इतिहासात नव्हती आणि कारखान्यांचे नकाशे हाती येत नव्हते. उत्तर देऊ शकत होतं ते फक्त प्रत्यक्ष विमान. सत्तरच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बर्ट किन्झी यांनी 'डिटेल अँड स्केल' ही मालिका काढली. तिचा भर पराक्रमाच्या गोष्टींपेक्षा कॉकपिट, चाकं आणि शेपटी यांच्या जवळून घेतलेल्या फोटोंवर होता. पुढे अशा पुस्तकांची रांगच लागली. आमच्या नौदलाच्या विमानांसाठी मात्र कॅमेरा आम्हालाच उचलावा लागला.

हे काम का करायचं, ते सी हॉक सगळ्यात चांगलं सांगतं. नौदलाची सी हॉकची ३०० क्रमांकाची स्क्वॉड्रन १९६० मध्ये ब्रिटनमध्ये उभी राहिली. ४ मार्च १९६१ ला बेलफास्टमध्ये 'विक्रांत' ही विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली आणि १८ मे रोजी लेफ्टनंट ताहिलियानी यांनी तिच्या डेकवर पहिलं जेट उतरवलं. तेच पुढे नौदलप्रमुख झाले. त्याच वर्षी डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि १९६४ मध्ये नौदलाचा 'हंसा' हा तळ कोइमतूरजवळच्या सुलूरहून दाबोळीला आला. तेव्हापासून या विमानांचं घर दाबोळी. ४ डिसेंबर १९७१ पासून विक्रांतवरच्या सी हॉकनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले, हे आपण शाळेपासून ऐकतो.

पण भारताकडची सगळी सी हॉक एकसारखी नव्हती. सुरुवातीची ब्रिटनकडून आली. नंतर पश्चिम जर्मनीच्या नौदलाने काढलेली २८ विमानं मिळाली. जर्मनीसाठी बांधलेल्या या विमानांचं उभं शेपूट आणि त्यावरचं सुकाणू ब्रिटिश विमानांपेक्षा उंच होतं. रंग तोच, वरून गडद राखाडी आणि खालून फिकट हिरवट; बिल्लाही तोच. दुरून पाहिलं तर दोन्ही जुळी वाटतात. ट्रम्पेटर या किट बनवणाऱ्या कंपनीने जर्मन सी हॉकचं किट वेगळं काढलं ते याच फरकामुळे. म्हणून अमुक क्रमांकाचं भारतीय सी हॉक करायचं तर आधी त्या क्रमांकाच्या शेपटाचा सरळ बाजूने काढलेला फोटो हवा. त्या एका फोटोत विमान कुठून आलं याचा पुरावा असतो. क्रमांक पुसला गेला, रंग नवा चढला, तरी शेपटाची उंची बदलत नाही.

दुसरी जागा म्हणजे पंखाच्या मुळाशी असलेली धुराची तोंडं. सी हॉकला एकच नीन इंजिन. पण त्याचा झोत आत दुभागून दोन्ही बाजूंनी बाहेर काढला आहे. त्यामुळे मागचं धड इंधनाच्या टाकीसाठी मोकळं राहिलं. जहाजावरून लांब जाणाऱ्या विमानाला ते इंधन फार मोलाचं. तोंडामागचा पत्रा कडेच्या पत्र्याहून वेगळा दिसतो आणि त्याची कड कुठे संपते ते फोटोतच कळतं. खऱ्या विमानाची लांबी १२ मीटरच्या आसपास. १:७२ मध्ये ती १६८ मिलिमीटर होते आणि एक इंचाची पट्टी जेमतेम ०.३५ मिलिमीटरची. एवढ्या बारीक रेघेसाठीसुद्धा खरं माप लागतं.

म्हणून फोटो काढण्याची एक शिस्त ठरून गेली आहे. बाजूचा फोटो शक्य तितक्या लांबून, लांब लेन्सने घ्यायचा. जवळून काढला तर नाक फुगतं आणि शेपूट आखडतं. पॅनेलच्या रेघांसाठी सकाळचं तिरकं ऊन धरायचं, चाकांच्या खोबणीसाठी ढगाळ आभाळ. विमानाला हात न लावता, चाकाशेजारी जमिनीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची काठी उभी करायची, म्हणजे नंतर माप काढता येतं. प्रत्येक फोटोबरोबर विमानाचा क्रमांक आणि तारीख लिहायची. तारीख यासाठी, की किनाऱ्यावरचं खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस खात उभ्या असलेल्या विमानाला पुन्हा पुन्हा रंगवावं लागतं. रंगाच्या थराखाली सूचनांची बारीक अक्षरं बुजतात, उघडी भोकं पत्र्याने बंद होतात. जुना फोटो त्या थरांच्या आधीचा असतो.

एकदा अलीझेच्या पोटाखालचे फोटो घेत असताना मालवणकडचे एक निवृत्त नौसैनिक नातवाला घेऊन आले. मी नेमकं काय टिपतेय ते त्यांनी विचारलं आणि मग स्वतःच वाकून दाखवू लागले. "बाय, ह्या हुकाक वायरचो दोर लावायचो आमी," ते म्हणाले. "आणि मागे कडी. ती तुटली की विमान सुटला." वाफेच्या कॅटापल्टने विमान फेकलं जायचं तेव्हा पूर्ण जोर लागेपर्यंत ते मागून धरून ठेवावं लागे आणि ठरलेल्या ताणाला ती कडी तुटे. तो दोर अडकवणारा माणूस सुरू असलेल्या इंजिनाजवळ, डेकवर ओणवा होऊन काम करायचा. त्या दिवशी मी त्यांनी बोट ठेवलेल्या प्रत्येक जागेचा फोटो घेतला आणि त्यांचे शब्द खाली लिहून ठेवले. विक्रांतचं कॅटापल्ट पुढे काढून टाकलं आणि सी हॅरियरसाठी डेकच्या टोकाला चढण बांधली. तेव्हा अलीझेची जहाजावरची सद्दी संपली आणि ते कौशल्यही संपलं.

खुद्द विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झाली. मुंबईत काही वर्षं ती तरंगतं संग्रहालय होती. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणाने बंद झाली आणि २०१४ मध्ये मुंबईच्याच दारूखाना भागात तोडायला गेली. तिचं थोडं लोखंड पुण्याच्या बजाजने मोटरसायकलीच्या टाकीत वापरलं. लोकांनी ते प्रेमाने घेतलं आणि मलाही त्याचा आनंद आहे. पण विमानांच्या लिफ्टची कड कशी होती, अडवणाऱ्या तारा डेकच्या कुठल्या खाचेतून वर यायच्या, हे त्या टाकीवरून कळत नाही. ते आता त्या वर्षांत डेकवर फिरलेल्या लोकांच्या फोटोंतच शोधावं लागतं. त्यांतले बहुतेक फोटो माणसांचे आहेत आणि डेक मागे धूसर आहे.

इतिहास लिहिणारे वैमानिकाचं नाव, तारीख आणि लक्ष्य नोंदवतात, आणि ते नोंदवायलाच हवं. पण पंख दुमडणारे, इंधनाची नळी लावणारे, विमान साखळीने जखडणारे शेकडो हात त्या नोंदीत येत नाहीत. त्यांचं काम विमानाच्या अंगावर कड्या, झाकणं, पायऱ्या आणि हुक यांच्या रूपाने उरलं आहे. मॉडेल करणाऱ्याला नेमक्या याच जागा लागतात, म्हणून आमच्या फोटोंत त्या सापडतात.

सी हॅरियर मे २०१६ मध्ये दाबोळीतच निवृत्त झालं. त्याची निगा राखणारी माणसं आज वास्कोत आणि कोकणातल्या गावांत आहेत. अलीझेवर काम केलेलीही काही आहेत. त्यांना सोबत घेऊन बोगमाळोला जायला हवं, त्यांनी बोट दाखवावं आणि आपण फोटो काढून खाली त्यांचं नाव लिहावं. तंत्रनिकेतनातल्या मुलांना हा प्रकल्प म्हणून सहज देता येईल: एक विमान, एक काठी, एक कॅमेरा आणि सोबत त्या विमानावर काम केलेला एक माणूस.