वजाचं चिन्ह आणि भागीदाराचं खातं

मार्च महिना आला की अमेरिकेतली आमची भाचे-पुतणे मंडळी 'के-वन' नावाच्या कागदाची वाट पाहत असतात. भागीदारी पेढी किंवा एलएलसी प्रत्येक भागीदाराला हा कागद देते. त्यात भांडवल खात्याचा एक आकडा असतो, आणि कधीकधी त्याच्या आधी वजाचं चिन्ह! इतिहासाच्या वाटेने गेलं, की त्याचा उलगडा होतो.

अमेरिकेत 1913 साली आयकर कायदा झाला, तेव्हाच ठरलं की पेढीवर कर नाही. भागीदाराने आपल्या वाट्यावर कर भरायचा, मग नफा घरी नेलेला असो वा नसो. (आपल्याकडे 1993 पासून उलट आहे. पेढीच कर भरते, भागीदाराचा नफ्यातला वाटा करमुक्त.) म्हणजे तिथे प्रत्येकाचा हिशेब वेगळा ठेवणं आलं.

समजा, एकाने 20 हजार डॉलरला घेतलेली जमीन पेढीत घातली. आज तिची किंमत 1 लाख. दुसऱ्याने रोख 1 लाख घातले. पेढीच्या वहीत दोघे समान. पण करखात्याच्या लेखी पहिल्याचं भांडवल 20 हजारच, कारण 80 हजारांच्या वाढीवर अजून कर भरलेला नाही. हेच 'टॅक्स बेसिस' भांडवल खातं. ती जमीन विकली, तर त्या 80 हजारांवरचा कर पहिल्यानेच भरायचा. 1954 च्या कायद्यात हे ऐच्छिक होतं, 1984 साली सक्तीचं झालं.

आता वजाचं चिन्ह. त्याचं मूळ न्यूयॉर्कच्या क्रेनबाईंच्या खटल्यात आहे. 1932 साली पती वारले. मागे एक इमारत राहिली; तिची किंमत 2 लाख 62 हजार डॉलर आणि तेवढंच गहाण कर्ज. बाईंनी सहा-सात वर्षं पूर्ण इमारतीवर घसारा धरला आणि 1938 साली ती कर्जासकट 3 हजारांना विकली. 'मला इतकेच मिळाले,' असं त्यांचं म्हणणं. 1947 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की डोक्यावरून उतरलेलं कर्ज हीसुद्धा मिळकतच. कर्जाच्या बळावर घसारा घेतलात, मग विकतानाही ते कर्ज मोजा.

भागीदारीतही हेच चालतं. समजा, तुमचं खातं वजा 40 हजार आणि पेढीच्या कर्जातला तुमचा वाटा 50 हजार. म्हणजे तुमची करासाठीची मूळ किंमत 10 हजार. हिस्सा फुकट देऊन टाकलात तरी 50 हजारांचं कर्ज उतरलं, म्हणून 40 हजार नफा! हातात दमडी नाही आणि कर मात्र खरा.

1977 साली वायोमिंग राज्याने एका तेल कंपनीच्या आग्रहाने एलएलसीचा कायदा केला. 1988 साली करखात्याने या एलएलसीला भागीदारी मानलं, आणि 1997 पासून तर त्यासाठी वेगळा फॉर्मही भरावा लागत नाही. कंपनीसारखं संरक्षण आणि भागीदारीसारखा कर, मग ही रोपं सगळीकडे फोफावली. हिशेब मात्र जो तो आपल्या पद्धतीने दाखवी. शेवटी 2018 च्या विवरणपत्रांपासून वजा खाती कळवणं आणि 2020 च्या विवरणपत्रांपासून, छोट्या पेढ्या वगळता, सर्वांनी करपद्धतीचंच भांडवल दाखवणं बंधनकारक झालं.

मला यात क्रेनबाई आठवत राहतात. त्यांनी काही लपवलं नव्हतं. दर वर्षी मिळालेली सवलत ही एक उधारी होती, एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आजचा तो आकडा निदान तेवढं सांगतो. तेव्हा मुलांनो, हिस्सा विकण्याआधी किंवा कुणाच्या नावे करण्याआधी तो कागद काढा, वजाचं चिन्ह आहे का बघा आणि कर्जातला आपला वाटा विचारा. मग सही करा.